निसटलेल्या खेकड्याची नांगी

आमच्या वाडीत मला नावाने हाक मारणारे कमी आणि ‘कॉलेजवाली’ म्हणणारे जास्त. पोलादपूरहून वर चढणाऱ्या रस्त्यावर, कुडपणच्या पठाराच्या अलीकडे आमची वाडी आहे. बारावीच्या पुढे गेलेली तिथली मी पहिली. आमच्या घरात तर दहावीच्या पुढे गेलेलीही मीच पहिली. दादा दहावीनंतर मुंबईला गेला, वाडीच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहू लागला आणि एका गोडाऊनमध्ये कामाला लागला. ‘कॉलेजवाली’ हा शब्द कुणी चिडवायला म्हटला तरी मला आवडायचा. हे लिहिताना संकोच वाटतो, पण आवडायचा. बाकी माझ्याकडे दुसऱ्यांपेक्षा वेगळं असं काही नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. तिचं माहेर खाली वीर स्टेशनजवळ, खाडीच्या अंगाला. लग्नाची हळद उतरायच्या आत दादा परत मुंबईला गेला. गावकीच्या खोलीत पुरुषमाणसं दाटीवाटीने झोपतात, तिथे बायकोला नेता येत नाही. म्हणून वहिनी आई-बाबांजवळ राहिली.

मी महाडला मुलींच्या वसतिगृहात राहून प्राणिशास्त्र शिकते. शनिवारी दुपारी निघायचं, पोलादपूरला एसटी बदलायची, दिवेलागणीपर्यंत घरी. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परत. असं येऊन-जाऊन राहणारीला घरात काय बदललं ते आधी कळतं. जूनमध्ये एका शनिवारी गेले तर माझी पुस्तकं ज्या फळीवर असायची तिथे वहिनीची पेटी होती. पुस्तकं नीट कापडात बांधून माळ्यावर ठेवलेली. कुणी टाकली नव्हती, फाडली नव्हती. तक्रार करायला काही जागाच नव्हती. माझ्या तांबड्या कोंबडीला वहिनी दाणे घालायची आणि ती निर्लज्ज तिच्या पायांत घुटमळायची.

सगळ्यात जास्त लागलं ते आईचं ‘बाय’. आई मला लहानपणापासून बाय म्हणते. त्या संध्याकाळी ती चुलीपुढून म्हणाली, “बाय, जरा पानी दे गो,” आणि आम्ही दोघी उठलो. वहिनी तांब्यापाशी आधी पोहोचली. मी परत बसले. आईच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच सुमाराला कॉलेजात आमच्या मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या सेमिनारचे विषय वाटले. प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून बोलायचं. मला विषय आला, वन्य प्राणी शत्रूपासून आणि प्रतिस्पर्ध्यापासून स्वतःचा बचाव कसा करतात. मी घाबरत स्टाफरूममध्ये गेले आणि कोणतं पुस्तक वाचू ते विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “शिंगं, काटे, विष, रंग हे पुस्तकातलं सगळ्यांना येतं. तू डोंगरातली आहेस ना? तू डोळ्यांनी पाहिलेलं सांग. फक्त एक कर. भक्षक आणि प्रतिस्पर्धी यांची गल्लत करू नकोस.”

मी मान हलवली. मला फरक नीट कळला नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, “भक्षकाला तू हवी असतेस. प्रतिस्पर्ध्याला तू नको असतेस, त्याला तुझी जागा हवी असते. तो तुझ्याच जातीचा असतो, तुझंच खातो, तुझ्यासारखाच दिसतो. म्हणून त्याच्याशी वागण्याची रीत वेगळी.”

वसतिगृहात परतताना मी ते वाक्य घोकत होते, आणि डोळ्यांपुढे, मला नको असताना, फळीवरची पेटी येत होती.

पाहिलेलं माझ्याकडे थोडंफार होतं. गव्याचं होतं. मी आठवी-नववीत असेन. दिवाळीच्या आसपास सकाळी धुक्यात मी आणि बाबा नाचणीच्या शेताकडे चाललो होतो. बांधाच्या वर गवा उभा. मी पळणार तोच बाबांनी मनगट धरलं. गवा आमच्या अंगावर आला नाही. तो हळूच वळला आणि आडवा उभा राहिला, खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीपर्यंत सगळा दिसेल असा. बाबा हळू आवाजात म्हणाले, “बघ मी केवढा हाय, म्हनतोय तो. बघितलं म्हन, आन चल मागं.” आम्ही मागे सरलो. पुढे पुस्तकात वाचलं की दोन गवे समोरासमोर आले तरी पुष्कळदा असंच करतात. शिंगाला शिंग लावण्याआधी एकमेकांना कूस दाखवतात, आणि ज्याला आपण लहान आहोत असं वाटतं तो निघून जातो.

टिटवीचंही होतं. आमच्या वाडीच्या वर कातळाचं माळरान आहे. उन्हाळ्यात टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते. लहानपणी शेरडांमागे जायचे तेव्हा पाहिलं होतं, कुत्रा अंड्यांच्या रोखाने निघाला की टिटवी त्याच्यासमोर पंख ओढत, लंगडत, केविलवाणी ओरडत चालायची. कुत्र्याला वाटायचं आयतीच मिळाली. तो तिच्यामागे लांबवर जायचा आणि मग ती धडधाकट उडायची.

खेकड्याचं मात्र मला पुन्हा एकदा नीट बघायचं होतं. म्हणून पुढच्या रविवारी मी वहाळाकडे निघाले. आषाढ होता, श्रावण लागायच्या आत सगळ्यांनाच खेकड्यांचा रस्सा हवा असतो. आई म्हणाली, “हिलाबी ने. दोघी जावा.”

मला एकटीला जायचं होतं. पण तसं म्हणायला कारण सापडेना.

वहाळाच्या काठाने दगड उचलत, बिळं चाचपत आम्ही चाललो. वहिनी गुडघ्यापर्यंत साडी खोचून मागून येत होती. मी बिळात कोपरापर्यंत हात घातलेला बघून ती म्हणाली, “अगो बाई! आमच्याकडं खाडीत लोखंडी आकडी घालून वढतात चिंबोऱ्या. हात कोन घालतं?”

“इकडं हातच घालतात.”

“चावत नाय?”

“चावतो की. पकडलंन तर हात हलवायचा नाय. वढायचा तर अजिबात नाय. पाण्यात तसाच गप ठेवायचा. त्याला वाटतं लाकूड हाय. मग सोडतो आपसूक.”

“आनि सोडलं नाय तर?”

“सोडतो, वहिनी.”

तिने जपून एका बिळात हात घातला. मी पुढच्या दगडाकडे वळले होते. तेवढ्यात तिची किंकाळी आली. मी ओरडले, “हलवू नको!” पण खाडीकडचं माणूस चिंबोरी लागली की ओढतंच, त्यांच्या हाताला तीच सवय. वहिनीने अंगात होतं तेवढं बळ लावून हात बाहेर काढला. बोटाला नांगी लटकलेली. नुसती नांगी. खेकडा तिच्या पायाजवळून तिरका तिरका पळाला आणि पाण्यात दिसेनासा झाला.

वहिनी आधी रडकुंडीला आली, मग हाताकडे बघून हसायला लागली. “वन्सं, हा तर आपला हातच देऊन गेला की वो!” एरवी ती मला ताई म्हणायची. वन्सं म्हटलं की समजायचं थट्टा चालली आहे.

नांगी सुटत नव्हती. खेकडा गेला तरी ती आवळलेलीच होती. मी काडी घालून ती फाकवली. बोटावर काळानिळा वळ उठला होता. ती बोट तोंडात घालून विचारायला लागली. तिचे प्रश्न थांबेनात.

“तुटली कशी एवढी? मी येवढी कुठं वढली?”

“तू नाय तोडलीस. त्यानंच सोडली. सांध्यापाशी ठरलेली जागा असते, तिथनं तो स्वतःच मोडतो. रक्तपन फार जात नाय. कोल्हा-मुंगूस त्या नांगीशी झटत बसतो, तोवर हा गेला.”

“मग आता जेवनार कसा?”

“दुसरी हाय ना.”

“आनि दुसऱ्या खेकड्यानं बीळ मागितलं तर? भांडनार कसा?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. सेमिनारचा अर्धा विषय तोच होता, आणि मला तो सुचला नव्हता. मी म्हणाले, “नाय भांडनार. दडून बसेल. कात टाकली की नवी नांगी फुटते. पहिल्यांदा बारकीच असते.”

“पन फुटते?”

“फुटते.”

तिने दुखरं बोट पाण्यात बुडवलं. मग म्हणाली, “माझी ॲडमिशन झाली होती, ताई. बारावीनंतर. बीएला. फी भरली, वर्ग बघून आले, कुठल्या बाकावर बसायचं तेपन ठरवलंन मैत्रिनीनं. मग आमच्याकडं एकेक अडचन निघत गेली, नंतर हे स्थळ आलं. गेलेच नाय.” आणि थोड्या वेळाने, “पोलादपूरच्या कॉलेजात अजून अर्ज घेतायत म्हनं. हितनं रोज जाऊन येन्यासारखं हाय. बाबांना तुम्ही सांगाल काय?”

लग्नाच्या बोलण्यांत कुणीतरी ‘मुलगी बारावी झालेली आहे’ म्हटलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण तिच्या मनात अजून कॉलेज आहे हे मला माहीत नव्हतं. फळी गेली, कोंबडी गेली, बाय गेलं. आता हे.

“बघू,” मी म्हणाले, आणि खेकड्यांची टोपली उचलली.

आमच्या घरी एक रीत आहे. रश्शातली सगळ्यात मोठी नांगी ज्याने तो खेकडा धरला त्याच्या ताटात जाते. दादा मुंबईला गेल्यापासून ती माझीच असायची. त्या संध्याकाळी आईने वहिनीच्या बोटाला लटकलेली नांगीही रश्शात टाकली होती, आणि नेमकी तीच मोठी निघाली. बाबांनी पळीवर घेऊन विचारलं, “ही कुनाची?”

आई म्हणाली, “सुनंची.”

“मंग जाऊ दे तिच्या ताटात. तिची शिकार.”

मला राहवलं नाही. “बाबा, तो खेकडा पळाला. शिकार कसली?”

“पळाला, पन हात ठेवून गेला. तुज्या खेकड्यांनी काय ठेवलं?”

“ते आख्खे आलेत! टोपलीभर आलेत!”

“बघ की, आख्खे येऊन त्यांना काय मिळालं!” बाबा म्हणाले, आणि आई तोंडाला पदर लावून हसली. वहिनी नांगी माझ्या ताटात ठेवायला पुढे झाली. मी ताट मागे ओढलं. “नको. तुझीच हाय ती.”

मग मी एक गोष्ट केली, तिचं तेव्हा मला भान नव्हतं. मी सांगायला लागले की असा आपलाच अवयव तोडून टाकण्याला ऑटोटॉमी म्हणतात, शास्त्रात याच्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे, आम्हाला यावर प्रश्न येतो. लागोपाठ इंग्रजी शब्द टाकत गेले. धुक्यातला गवा आडवा उभा राहिला होता, तशी मी ताटावर आडवी उभी होते. बघा मी केवढी आहे.

बाबा म्हणाले, “काय तो शब्द?”

मी सांगायच्या आत वहिनी म्हणाली, “ऑटोटॉमी.” पहिल्या फटक्यात, स्वच्छ. मला तो शब्द तोंडात बसवायला कितीतरी दिवस लागले होते. वसतिगृहाच्या गच्चीत एकटी म्हणून बघायचे.

नंतरच्या आठवड्यात मी महाडला असताना वहिनीने माळ्यावरची माझी जुनी पुस्तकं काढून वाचली. शनिवारी तिने मला सांगितलंही, लपवून ठेवलं नाही. वर म्हणाली, “ताई, एक गंमत बघितली. मागच्या गडग्यावर दोन सरडे. उघडीप पडली की येतात. दोघांच्या माना लालभडक. एकमेकांना बघून जोर मारत होते, तालमीतल्यासारखे. खाली-वर, खाली-वर. लय वेळ. मग एकानं मान खाली घातली अन् गेला. एकमेकांना हातपन नाय लावला!”

ते माझ्या विषयातलं सगळ्यात चांगलं उदाहरण होतं. दोन नर, एक जागा, आणि रक्त न सांडता निकाल. आणि मॅडम म्हणाल्या होत्या, स्वतः पाहिलेलंच सांग. रविवारी मी सकाळपासून छत्री घेऊन त्या दगडी कुंपणासमोर, गडग्यासमोर बसले. दिवसभर पावसाने उघडीप दिली नाही. एकही सरडा आला नाही. आई दोनदा दारात येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, “गो, दगुड फुटून काय निघनार हाय काय? आत ये.” वहिनीने चहा आणून दिला आणि म्हणाली, “तुम्ही गेलात की येतील बघा, मेले.” ती सहज म्हणाली. मला मात्र वाटलं, हो, असंच चाललं आहे. मी गेले की सगळं इथे येतं.

मी ‘बघू’ म्हणून सोडून दिलं होतं, पण वहिनी थांबली नाही. तिने फोनवर दादाला विचारलं. दादा म्हणाला, मला काही प्रॉब्लेम नाही, बाबांना विचार. बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, पोरगी येऊ दे शनिवारी, तिला इचारतो. हे मला आईकडून कळलं. म्हणजे गोष्ट फिरून माझ्याच दारात आली होती. आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय हे फक्त मला ठाऊक. मी नाही म्हटलं असतं तर ते नाहीच ठरलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा पडवीत बसले होते, बशीत चहा ओतून घेत. मी खांबाला टेकून बसले. आत वहिनी भांडी घासत होती.

“तुला म्हाइत हाय सगळं,” बाबा म्हणाले. “जमंल काय तिला? घरचं करून? तू नाय म्हन, इषय संपला.”

नाही म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही. तेवढं धैर्य नव्हतं, आणि तसं म्हणायला तिने काही केलंही नव्हतं. मी वेगळंच बोलायला लागले. “बाबा, लय अवघड असतं हो. गाडी चुकली की दिवस गेला. नोट्स कुनी देत नाय. वर्गात शहरातली पोरं बोलतात ते अर्धं कळत नाय. मागच्या वेळी एका विषयात कशीबशी सुटले मी. डोकं दुखतं. कधी कधी वाटतं, आपल्यासारख्यांचं कामच नाय हे.”

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त आवाज मी जरा लंगडा केला होता. बाबांनी माझ्याकडे बघावं, वहिनीच्या अर्जाकडे बघू नये, एवढंच मला हवं होतं.

बाबांनी बशीतला चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, “मंग सोड की.”

“काय?”

“कॉलेज. येवढं दुखतंय तर कशाला जातेस? शेवटचं वरीस हाय म्हून काय जीव द्यायचाय? घरी ऱ्हा. दोघी मिळून नाचनी लावा. मी एखादं स्थळ बघतो.”

आई दारातून म्हणाली, “मी तर कधीधरनं म्हनतेय. वाळलीय पोर.”

मी खांब सोडून ताठ बसले. बाबांच्या तोंडावर थट्टेची रेघही नव्हती. मी घाईघाईने म्हणाले, “नाय बाबा, तसं नाय. जमतंय.”

“आत्ता तर म्हनलीस...”

“जमतंय! पहिल्या वर्षी अवघड वाटतं. मग सवय होते. मॅडम समजून सांगतात. मराठीत विचारलं तरी सांगतात. जमतं सगळ्यांना.”

“सगळ्यांना?”

“हो.”

“मंग तिलाबी?”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते कळलं नव्हतं. पागोळ्यांचा तेवढा आवाज येत होता.

“तिलाबी,” मी म्हणाले.

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी बशी पालथी ठेवली, इरलं घेतलं आणि बांध बघायला गेले. ते खरंच तसं बोलले की मला ओळखून बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, “तुज्या बापाला इचार,” आणि बाबांना विचारायची माझी छाती होत नाही.

वहिनी बाहेर आली ती दुसरा चहा घेऊन. चहात साखर इतकी होती की घोट घशाला चिकटत होता. मी तो सगळा प्यायले, आणि तिचा राग आला म्हणून आणखी राग आला.

तिचा बारावीचा दाखला महाडला तिच्या जुन्या कॉलेजातून आणायचा होता. म्हणून सोमवारी आम्ही दोघी एकाच गाडीने निघालो. खिडकीची, कंडक्टरच्या मागची जागा माझी ठरलेली. पण तिला घाटातल्या वळणांचा त्रास होतो, म्हणून मीच तिला तिकडे बसवलं. महाडला तिचं काम लवकर आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता आणि माझा सेमिनार त्याच दिवशी दुपारी. ती म्हणाली, “मी मागं बसून ऐकू? गप बसेन.” मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ दे की.

मी वर्गापुढे जाऊन उभी राहिले. ओली छत्री मांडीवर घेऊन वहिनी शेवटच्या बाकावर बसली होती. मी खेकड्यापासून सुरुवात केली. मग गवा. मग टिटवी. टिटवी पंख ओढत चालते, शिकाऱ्याला अंड्यांपासून लांब नेते, हे सांगून झालं. पुढचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. “पण कधी कधी हे नाटक तिच्या अंगाशी येतं.”

शेवटच्या बाकावर वहिनीने पदर तोंडावर दाबला. तिचे खांदे हलत होते. तेव्हा मला कळलं. तिने त्या रविवारी आतून सगळं ऐकलं होतं, आणि त्यातलं काय काय खरं होतं आणि लंगडणं कशासाठी होतं हेही तिला त्याच वेळी समजलं होतं. ती हसत होती, पण त्यात मला टोचेल असं काही नव्हतं. तेच मला सहन होईना.

मॅडम म्हणाल्या, “अंगाशी येतं म्हणजे? तू पाहिलंयस?”

“हो मॅडम. एकदा.”

“मग काय झालं?”

“टिटवी उडाली, मॅडम. पण घरटं कुठे आहे ते कळलं.”

मॅडमनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आता प्रतिस्पर्ध्याचं सांग. जागेवरून होणाऱ्या भांडणाचं एखादं उदाहरण?”

माझ्याकडे गवा होता, पण तो आमच्यासमोर आडवा उभा राहिलेला. दोन गवे समोरासमोर मी पाहिले नव्हते. मी जमिनीकडे बघून म्हणाले, “सरड्याचं आहे. पण ते मी पाहिलेलं नाही. माझ्या वहिनीने पाहिलंय. ती मागे बसली आहे.”

सगळा वर्ग वळला. मॅडम म्हणाल्या, “मग त्यांनाच सांगू दे.”

मला वाटलं ती लाजेल. ती उभी राहिली, छत्री बाकावर ठेवली, आणि बाकावर दोन्ही हात टेकून सरडा जोर कसे मारतो ते करून दाखवलं. खाली-वर, खाली-वर. मान ताणून, गाल फुगवून. पोरं हसली, टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. “मग एकानं मान खाली घातली आनि गेला,” ती म्हणाली.

“कुठे गेला?” मॅडमनी विचारलं.

“लांब नाय गेला, मॅडम. गडग्याच्या पलीकडच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी परत दोघं होते. हा या टोकाला, तो त्या टोकाला. रोज असतात. रोज थोडे जोर मारतात.”

हे तिने मला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी गडग्याकडे बघत बसल्याने ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

वर्ग सुटल्यावर दोन मैत्रिणी माझ्याकडे धावत आल्या. मला वाटलं, सेमिनार कसा झाला ते सांगतील. त्या म्हणाल्या, “तुझी वहिनी कसली भारी आहे गं!” मी हो म्हणाले. काय म्हणणार?

वहिनीचा प्रवेश झाला. ती रोज सकाळचा स्वयंपाक उरकून खाली पोलादपूरला जाते आणि दुपारच्या गाडीने वर येते. श्रावण आला, गेला. गणपतीला दादा आला तेव्हा तिने त्याला मराठीच्या तासाला बसल्यासारखं समोर बसवून कविता वाचून दाखवली, आणि तो बिचारा जांभया दाबत बसला. मी रोज घरी नसते. पण शनिवारी गेले की फळीकडे माझं लक्ष जातंच. आता तिथे पेटी नाही. माझी पुस्तकं डाव्या बाजूला आणि तिची उजव्या. मधे आईने लोणच्याची बरणी ठेवली आहे.

गणपती झाल्यावरच्या एका सोमवारची गोष्ट. सकाळच्या पहिल्या गाडीत मी आणि वहिनी चढलो. खिडकीची जागा तिने घेतली. आता मला कुणी विचारतही नाही. कंडक्टर नवा होता, गेल्याच मंगळवारपासून या फेरीवर आलेला. वहिनीला पास विचारला नाही, तिला ओळखत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, “कुठं?”

“महाड. पोलादपूरला बदलून.”

“वाडीतल्याच काय तुम्ही? कधी बघितलं नाय.” मग वहिनीकडे बघून त्याला उलगडा झाला. “अच्छा! तुम्ही या कॉलेजवालीची नणंद!”

मी सुटे पैसे काढत होते. हात थांबला. गाडीने पहिलं वळण घेतलं. मी पाठ ताठ केली, मान वर केली आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, “मी तिची नणंद नाय. ती माझी वहिनी.”

कंडक्टर गोंधळला. “तेच की वो ते!”

“तेच नाय,” मी म्हणाले.

त्याने तिकीट फाडून दिलं आणि मान हलवत पुढच्या बाकाकडे गेला. शेजारी वहिनी खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसली होती. तिचे खांदे हलत होते. दोन्ही हात पुढच्या बाकाच्या दांडीवर टेकलेले, आणि ती हळूच, फक्त मला दिसेल इतपत, खाली-वर होत होती.

मी थोडा वेळ तिच्याकडे बघितलंच नाही. मग मीही दांडीला हात लावले.